परक्या पोटचा

बुरुलचाच्या जिभेला अख्खं गाव वचकून असे. नवरा मम्बेताली जिवंत होता तेव्हा चारचौघांत हसत म्हणायचा, "लोक लांडग्यासाठी बंदूक बाळगतात. मला काय गरज? ही अंगणात येऊन दोन शब्द बोलली की लांडगा आपणहून माफी मागून जातो." कोचकोरच्या वरच्या अंगाला, जिथे गावाची शेवटची भिंत डोंगराला टेकते, तिथे त्यांचं घर. मम्बेताली गेला आणि घरात तिघं उरली: बुरुलचा, मुलगा एलेबेस आणि त्याच्याहून बरीच धाकटी सालकिन.

एलेबेस हुशार म्हणून राजधानीत, बिश्केकला शिकायला गेला होता. रस्ते आणि पूल बांधायचं शिक्षण. दुसऱ्याच हिवाळ्यात तो न कळवता परत आला. अंगात कोट नाही, ओठ काळेनिळे. उंबऱ्याबाहेर उभा राहून आईला म्हणाला, "मी आत येऊ का? घर माझं नाही, म्हणून विचारलं."

बुरुलचाला आधी वाटलं, पोरगं पिऊन आलंय. मग हळूहळू उलगडलं. त्याला एका म्हाताऱ्याचा आवाज ऐकू यायचा. रेडिओवर बातम्या सांगतात तसा, न रागावता, न दमता. म्हातारा सांगायचा, तू नारिनच्या इस्पितळात जन्मलास त्या दिवशी पाळणे बदलले. तुझी माणसं डोंगरापलीकडे आहेत. ही तुला जेवू घालतात ती तुझी कोणी नव्हेत.

डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, महिन्याचं इंजेक्शन लावून दिलं. त्यानं म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला, पण तो घर सोडून गेला नाही. उरलेल्या म्हाताऱ्यावर बुरुलचानं स्वतःच औषध काढलं. सकाळी चहाला बसलं की रोटी मोडायच्या आधी ती विचारायची, "तू कोणाचा?"

"मम्बेतालीचा."

"मम्बेताली कोणाचा?"

"साटारकुलचा."

असं करत करत सात बाप. साटारकुलचा बाप जुमाश, मग बोरुबाय, मग तिलेके, मग अल्सेयित, आणि शेवटी एसेनबेक, ज्यानं म्हणे एका हिवाळ्यात सगळे घोडे गमावले आणि तरी माणसं जगवली. सात बापांची नावं ज्याला येत नाहीत तो गुलामाचा पोर, असं तिकडे म्हणतात. एलेबेसला ती घडघड यायची.

"आता सांग त्या म्हाताऱ्याला, तू खोटारडा आहेस म्हणून."

"सांगितलं, आई. तो ऐकत नाही."

"मग दे इकडे त्याला. मी बोलते."

यावर एलेबेस हसायचा. दिवसातून तो एवढंच हसायचा. मग बुरुलचा रोटी मोडून पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवायची.

वर्षानुवर्षं हे चाललं. एलेबेस मेंढ्या बघे, गवत कापे, चुलीची आग सांभाळे. आगीचं त्याला फार चांगलं कळायचं. पण मीठ आणि काडेपेटी आणायला पाठवला तर मीठ तरी आणी, नाहीतर काडेपेटी, नाहीतर दुकानापाशी उभं राहून रिकाम्या हातानं परत. "डोकं आहे का चाळणी?" बुरुलचा ओरडायची. "अरे, दोन वस्तू! कुत्र्याला सांगितलं असतं तर त्यानंसुद्धा एक तोंडात आणि एक शेपटीला बांधून आणली असती!" एलेबेस मान खाली घालून परत जायचा आणि या वेळी पाव घेऊन यायचा.

त्या उन्हाळ्यात नारिनच्या दवाखान्यात राजधानीहून एक डॉक्टरबाई आली. चिनारा तिचं नाव. बारीक अंगाची, केस कापलेली, सतत घाईत. या आजाराच्या माणसांची आठवण आणि लक्ष का कमी होतं, कोणाचं जास्त, कोणाचं कमी, आणि त्याचा रक्तातून येणाऱ्या वारशाशी काय संबंध, ते ती शोधत होती. रोग्यांचं रक्त हवं होतं आणि घरच्या माणसांचंही. बुरुलचा दोन्ही मुलांना घेऊन गेली. सालकिनला यायचं नव्हतं.

"तुझ्या भावासाठी एक थेंब रक्त देता येत नाही? लग्न ठरायच्या आधीच परकी झालीस?" असं म्हटल्यावर ती आली.

चिनारानं आधी एलेबेसला पंधरा शब्द वाचून दाखवले. घोडा, दोरी, नदी, खिडकी, असे साधेच. मग विचारलं, किती आठवतात?

एलेबेसनं बराच वेळ विचार केला. "घोडा," तो म्हणाला. मग, "दोरी." मग घाम पुसला. "घोड्याला दोरी असतेच, म्हणून म्हटलं. ती तुम्ही सांगितली होती का?"

"सांगितली होती," चिनारा म्हणाली.

मग बुरुलचाची पाळी. तिला बारा आले आणि तेरावा तिनं चिनाराशी भांडून मिळवला. बाहेर येऊन ती मुलाला म्हणाली, "बघ, म्हातारीला तेरा!" एलेबेस मनापासून खूश झाला. "तू हुशारच आहेस, आई," तो म्हणाला, आणि बुरुलचाला उगाच शरमल्यासारखं झालं. ती पुन्हा आत गेली.

"डॉक्टरबाई, याला सात बापांची नावं येतात. एक अक्षर चुकत नाही. ते तुमच्या परीक्षेत धरा ना."

"ते मी विचारलंच नाही ताई. जुनं पाठ केलेलं वेगळ्या फडताळात असतं. नवीन ठेवायला गेलं की त्याच्या हातून निसटतं."

"हे आलं कुठून? माझ्या रक्तातून की त्याच्या बापाच्या?"

चिनारानं पेन खाली ठेवलं. "असं एका माणसाचं नसतं ते. वारशात हजारो बारीक बारीक फरक असतात. थोडे तुमच्यात, थोडे त्याच्या वडिलांच्यात, माझ्यातही आहेत. एकेकट्यानं त्यातला कुठलाच काही करत नाही. कोणाच्या वाट्याला कसे एकत्र येतात, वर आयुष्यात काय घडतं... रक्त बघून मी कोणालाच सांगू शकत नाही, की तू आजारी पडशील आणि तू नाही. आणि नळीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. कोणाचं कुठलं, मलाही कळत नाही."

बुरुलचानं हे सगळं ऐकलं आणि त्यातलं 'रक्तात असतं' एवढंच घरी नेलं.

दवाखान्याच्या ओसरीवर ती तिघं दंडाला कापूस दाबून बसली होती, तेव्हा समोरून खालच्या गावची एक बाई गेली. तिनं वळून बघितलं, पुन्हा वळून बघितलं. सालकिननं बाही खाली ओढली, पण ओढायला उशीर झाला.

सालकिनचं खालच्या गावच्या मेदेरशी जमत आलं होतं. मुलगा गाड्या दुरुस्त करायचा, हसतमुख होता, आणि दोघांचं एकमेकांवर मन होतं. मेदेरची आई कालीपा मात्र घोडा विकत घेतानासुद्धा त्याच्या आईचे दात बघणारी बाई. ती कानातले घालायला शरदात यायची होती. मुलीच्या कानात सासूनं आपल्या हातानं कानातले घातले, की लग्न पक्कं. दवाखान्याची बातमी खालच्या गावात पोचली ती अशी: त्या घरातल्या एकट्या पोराचं नाही, सगळ्यांचंच रक्त घेतलं. सगळ्यांतच आहे म्हणे.

"त्या येणार नाहीत," सालकिन रडत म्हणाली. "तुझ्यामुळे, आई. त्याच्यामुळे."

"येतील. आणि आल्या की बोलायचं काम माझं."

कालीपा आली. बरोबर दीर, दोन जावा. बुरुलचाच्या बाजूनं मम्बेतालीचा भाऊ ताबिल्दी बसला होता, पांढरी दाढी, कुळातला आता तोच वडीलधारा. मेंढी कापली होती. जमिनीवर दस्तरखान अंथरला, त्यावर बोर्सोकांची, म्हणजे कणकेच्या तळलेल्या गोळ्यांची रास, साय, मध, आणि मधोमध ताज्या रोट्या. सालकिन अर्धा अर्धा पेला चहा ओतत होती, पाहुण्यांना पुन्हा पुन्हा द्यावा लागावा म्हणून. एलेबेसला बुरुलचानं सकाळीच सांगून ठेवलं होतं: तू अंगणातल्या चुलीपाशी. मांस शिजलं की परात ताबिल्दीकाकाच्या मुलाकडे द्यायची. आत यायचं नाही.

"का?"

"कारण मी सांगते म्हणून."

"बरं," एलेबेस म्हणाला.

कालीपानं तीन पेले चहा घेतला, सायीची स्तुती केली, मेंढ्यांची चौकशी केली. मग पेला पालथा घातला.

"विहीणबाई, अजून म्हणते बरं का, विहीणबाई. आमच्याकडे मुलगी घेताना सात बाप विचारतात. ते आम्ही विचारले, चांगले आहेत. पण बाप चांगले असून काय करायचं, रक्त दवाखान्यात गेलंय. चुलीपाशी बसलाय तो कोण?"

"माझा एलेबेस."

"तेच म्हणते. उद्या माझ्या मेदेरला पोर झालं आणि तेही चुलीपाशी बसलं, तर मी कोणाच्या नावानं रडू?"

एक जाऊ हळूच म्हणाली, "पोरगी गोड आहे हो. पण तिचाही कापूस लावलेला दंड लोकांनी बघितलाय."

सालकिनच्या हातात किटली होती. तिनं आईकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते बुरुलचाला आयुष्यभर विसरता आलं नाही. त्यात मागणं होतं. पुढे बुरुलचाचं तोंड बोललं. बोलायच्या आधी तिला स्वतःलाही माहीत नव्हतं, की ती हे बोलेल.

"तो माझ्या पोटचा नाही."

बोर्सोक चावणारं कोणीतरी चावायचं थांबलं.

"माझं पहिलं बाळ नारिनच्या इस्पितळात गेलं. शेजारच्या खाटेवर एक पोरगी होती, बिनलग्नाची. तिनं आपलं ठेवलं आणि पहाटे निघून गेली. मम्बेताली म्हणाला, बुरुलचा, तुझं दूध वाया कशाला घालवतेस? कोटात गुंडाळून आणलं आम्ही. गावाला सांगितलं नाही. कोणाचं आहे, डोंगरापलीकडचं की कुठलं, देवाला माहीत. माझ्या पोटची ही एकटी, सालकिन."

"मग रक्त कशाला दिलंत तुम्ही दोघींनी?" कालीपानं विचारलं.

"ताडून बघायला. निरोगी रक्त कसं असतं ते डॉक्टरांना कुठून कळणार?"

कालीपानं ताबिल्दीकडे बघितलं. ताबिल्दीला सगळं माहीत होतं. एलेबेस जन्मला तेव्हा घोडा दामटत नारिनला गेला होता तोच. त्यानं दाढीवरून हात फिरवला. "माझा भाऊ दयाळू होता," तो म्हणाला.

"रागावू नका, विहीणबाई," कालीपा म्हणाली. तिनं मधली रोटी उचलली आणि बुरुलचापुढे धरली. "हातात घेऊन सांगा, म्हणजे माझ्या पोटात काही राहणार नाही."

रोटी हातात घेऊन खोटं बोलणाऱ्याला ती रोटीच मारते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बुरुलचानं दोन्ही हातांनी रोटी घेतली. ती अजून गरम होती.

"एलेबेस माझ्या पोटचा नाही. खोटं असेल तर ही रोटी मला मारो."

दारात परात घेऊन एलेबेस उभा होता. काकाचा मुलगा कुठे सापडला नाही, आणि मांस गार होईल म्हणून तोच आला होता. तो किती वेळ उभा होता कोणी बघितलं नव्हतं. तो आत आला, गुडघे टेकले, परात सरळ ठेवली, मेंढीच्या डोक्याचं तोंड मानाच्या पाहुण्याकडे केलं. यात तो काही चुकला नाही.

"घ्या," तो म्हणाला. "गरम आहे."

कालीपाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खरोखरच हेलावली होती. "पाय धर रे हिचे," ती त्याला म्हणाली. "सख्ख्या आईनं टाकलेलं वेडं पोर, आणि हिनं सांभाळलं. असं पुण्य कोण करतं?"

"हो," एलेबेस म्हणाला.

मग कालीपानं रुमालातून चांदीचे कानातले काढले आणि सालकिनच्या कानांत घातले. सालकिननं मान वाकवली. भावाकडे तिनं पाहिलं नाही.

पाहुणे गेल्यावर बुरुलचा अंगणात आली. एलेबेस कढई राखेनं घासत होता.

"ते नुसतं बोलणं होतं," ती म्हणाली. "सालकिनसाठी. त्या बाईला असं काहीतरी घालावं लागतं तोंडात, भुंकणाऱ्या कुत्र्याला हाड घालतात तसं. कळलं ना तुला?"

"कळलं."

"मग असा काय बघतोस?"

"तू रोटी धरली होतीस, आई."

"हात जड झाला माझा ती शपथ घेताना! तुला काय वाटलं, मला आनंद झाला?"

एलेबेसनं कढई पालथी घातली. "इतकी वर्षं तो एकटाच सांगत होता," तो म्हणाला. "तुम्ही सगळे म्हणायचात, आजार आहे."

दुसऱ्या दिवशी चहाला बसल्यावर बुरुलचानं नेहमीसारखं विचारलं, "तू कोणाचा?"

एलेबेसनं खाली मान घालून विचारलं, "खरं सांगू, की रोजचं सांगू?"

तिनं त्याच्या कानशिलात मारली. त्याच्या आजारपणात तिनं त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता. मग तिनंच त्याचं डोकं छातीशी धरलं आणि ओरडून, शिव्या देऊन, रडून सांगितलं, की तू माझा, माझ्या पोटचा, तुझ्या वेळी मी मरता मरता वाचले. एलेबेस तिच्या मिठीत निमूट बसला. पाहुण्याच्या पोराला कोणी लाड करत असलं तर ते बसतं, तसा.

गोळ्या तो तोंडात घेई आणि गोठ्यात थुंके. हे पुढे कळलं. त्याचा हिशोब सरळ होता. म्हातारा एका गोष्टीत खरा निघाला, तर दुसऱ्या गोष्टींत खोटा कशावरून? इंजेक्शनचा दिवस आला तेव्हा तो घरी नव्हता.

पहिला बर्फ पडला होता. तो डोंगराच्या वाटेनं नारिनला चालत निघाला होता, इस्पितळात जाऊन त्या बिनलग्नाच्या पोरीचं नाव विचारायला. खिंडीत ट्रकवाल्यांना सापडला तेव्हा त्याचे बूट हातात होते. पोलिसांनी विचारलं, कोणाचा तू? त्यानं सांगितलं, तेच विचारायला चाललोय. डाव्या पायाची बोटं डॉक्टरांना कापावी लागली. तिथून त्याला खालच्या मोठ्या खोऱ्यातल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात नेलं.

बुरुलचा निघणार, तर लग्न तोंडावर आलेलं. सालकिन म्हणाली, "आता गेलीस तर लोक विचारतील, परक्या पोरासाठी एवढी धावाधाव? लग्न होऊन जाऊ दे." बुरुलचा राहिली. लग्नात ती नाचली. कालीपानं सगळ्या पाहुण्यांसमोर तिला पांढरी शाल पांघरली आणि अनाथाला वाढवणाऱ्या विहिणीची कथा सांगितली. बायकांनी डोळे पुसले. एकीनं येऊन बुरुलचाच्या हाताचं चुंबन घेतलं.

त्यानंतर ती इस्पितळात गेली. एलेबेस बाकावर बसला होता, पायाला फडकं, हनुवटीवर वाढलेली दाढी. तो तिला बघून उठला, लंगडत पुढे आला, छातीवर हात ठेवून नमस्कार केला.

"या मावशी," तो म्हणाला. "एवढ्या लांब कशाला त्रास घेतलात?"

बुरुलचा तिथून थेट बिश्केकला गेली आणि चिनाराला शोधून काढलं. तिनं काहीच लपवलं नाही. चिनारा ऐकत होती आणि तिचा चेहरा दगडासारखा होत चालला होता.

"तुम्हाला कळतंय का काय केलंत?" ती म्हणाली. "त्याच्या आजाराशी लढायला आमच्याकडे औषध होतं थोडं. बाकी सगळं तुम्ही होतात. आणि तुम्हीच जाऊन त्या बाजूला बसलात."

"मला हवं ते बोला. पण त्याला सांगा. तुमच्याकडे माझं रक्त आहे, त्याचंही आहे."

"ते रक्त यासाठी नाही. त्यावर नावं नाहीत."

"मग नवीन घ्या! माझं सगळं घ्या!"

चिनारा तयार झाली. एलेबेसही आनंदानं तयार झाला, त्यानं स्वतःच बाही वर केली. इतकी वर्षं जे कोणी तपासलं नाही ते आता तपासणार होते. काही आठवड्यांनी उत्तर आलं तेव्हा चिनारा स्वतः इस्पितळात आली आणि तिघं एका खोलीत बसली.

"एलेबेस, नीट ऐक. तुझं रक्त आणि यांचं रक्त जुळतं. आई आणि मुलाचं जुळतं तसं. शंकेला जागाच नाही. ही तुझी आई आहे."

एलेबेस विचार करत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला, शब्द आठवताना यायचा तसा.

"डॉक्टरबाई, नळीवर नुसता आकडा असतो, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? आकडे बदलतात. पाळणेसुद्धा बदलले होते."

"मी स्वतः बघितलंय, एलेबेस."

"तुम्ही चांगल्या आहात. पण बघा, यांनी रोटी हातात घेऊन सांगितलं. तुम्ही यांना ओळखत नाही. मी यांच्या घरी वाढलोय." तो बुरुलचाकडे वळला, आणि त्याच्या आवाजात माया होती. "ही बाई रोटी धरून खोटं बोलणारी नाही. कोणी तसं म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही."

बुरुलचाच्या जिभेला आयुष्यात पहिल्यांदा काही सुचलं नाही. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "मी खोटं बोलले, बाळा."

"तुम्हाला वाईट वाटतं म्हणून आता असं म्हणताय," एलेबेस समजुतीनं म्हणाला. "तेव्हा चारचौघांत म्हणाला होतात. काकाही होते."

बाहेर आल्यावर चिनारा म्हणाली, औषध पुन्हा सुरू आहे, कदाचित निवळेल. पण तिनं 'कदाचित' हा शब्द दोनदा वापरला. बुरुलचानं मात्र एकच धरलं: चारचौघांत. त्याच माणसांसमोर, तशीच रोटी धरून, खरं सांगायचं. ताबिल्दीला, कालीपाला, सगळ्यांना इस्पितळात आणायचं. ती खालच्या गावात गेली.

फाटकापाशी सालकिन भेटली, बादल्या घेऊन येत होती. तिला दिवस गेले होते, नुकतंच दिसू लागलं होतं. आईचं ऐकून तिनं बादल्या खाली ठेवल्या आणि फाटक आतून धरून उभी राहिली.

"नाही. आत यायचं नाही."

"तो तिथे कुजतोय, सालकिन. मला मावशी म्हणतो."

"आणि मला इथून हाकलतील! पोटातल्यासकट. तू बोललीस ते माझ्यासाठी बोललीस ना? मग आता ते माझं आहे. परत मागू नकोस."

"तू त्याच्या पाठीवर बसून मोठी झालीस."

"मला माहीत नाही का?" सालकिन दबक्या आवाजात किंचाळली. मग आजूबाजूला बघितलं. तिचा हात पोटावर गेला. "आई, त्या डॉक्टरबाईला विचारशील? माझ्या बाळात ते... नको. नको विचारूस. तिच्याकडे जाऊच नकोस तू. इथे कोणाला कळलं तर?"

आतून कालीपाची हाक आली, "कोण आहे गं?"

"कोणी नाही, आई," सालकिननं उलट ओरडून सांगितलं. सासूला ती आता आई म्हणायची.

बुरुलचा ओरडू शकली असती. तिच्या एका आवाजात गावाची दारं उघडली असती. तिनं मुलीच्या पोटाकडे बघितलं, सुजलेल्या बोटांकडे बघितलं, आणि बसच्या थांब्याकडे वळली.

उन्हाळा संपता संपता सालकिनला मुलगा झाला, धडधाकट. कालीपानं मेंढ्या कापल्या आणि बुरुलचाला मानाच्या जागी बसवलं. चिनाराचं काम संपलं होतं. बुरुलचानं एकदा तिला विचारलं, शेवटी निघालं काय? चिनारा म्हणाली, एका बारीक फरकाचा आठवणीशी किंचितसा संबंध दिसतो, हजारभर माणसांत मिळून. एका माणसाबद्दल त्यातून काहीच सांगता येत नाही. बुरुलचा "बरं" म्हणाली.

इस्पितळात एलेबेसच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, तोक्तोसुन नावाचा, डोंगरापलीकडचा. त्याचा मुलगा फार वर्षांपूर्वी परदेशात कामाला गेला तो परतलाच नाही, आणि त्यातून म्हाताऱ्याचं मन फिरलं. दोघांचं जमलं. म्हातारा त्याच्या पायाला मलम लावायचा, आपल्या वाटणीची साखर त्याला द्यायचा. नर्सेसना ते बरं वाटलं. दोघं शांत असायचे, रात्री झोपायचे.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला बुरुलचा बोर्सोकांचं गाठोडं घेऊन गेली तेव्हा ती दोघं अंगणातल्या झाडाखाली बसली होती. एलेबेसनं सरकून तिला जागा दिली. तब्येत सुधारली होती, गालांवर रंग होता.

"बाबा, ह्या त्या मावशी," तो म्हाताऱ्याला म्हणाला. "मी सांगत होतो ना?"

म्हातारा थरथरत उठला. त्यानं बुरुलचाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कपाळाला लावले.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू?" तो म्हणाला. "माझं पोर तुम्ही वाढवलंत."

एलेबेस तिच्याकडे बघत होता. उत्सुकतेनं, थोडा भीतभीत, दोन माणसांची ओळख करून दिली आणि ती जमते की नाही असं बघतात तसा. कितीतरी वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर एवढी शांतता तिनं बघितली नव्हती. आता ती ओरडली, तर ती शांतता जाणार होती, आणि तिच्या जागी द्यायला बुरुलचाकडे काहीही नव्हतं.

"उपकार कसले," ती म्हणाली. "गुणी होता."

तिनं गाठोडं सोडलं. म्हाताऱ्यानं बोर्सोक मोडून आधी एलेबेसला दिला, मग स्वतः घेतला. दोघं खाऊ लागले.

"तुम्हीही घ्या ना, मावशी," एलेबेस म्हणाला.

"मी घरून खाऊन आलेय," बुरुलचा म्हणाली.